साखरेचा हिशेब आणि वजनाचा ताळा : नवजात कक्षात काम करणाऱ्या सिस्टरांसाठी

दोन तासांचं बाळ, वजन १,८६० ग्रॅम, हातपाय थरथरताहेत आणि टाचेच्या रक्तातली साखर २८. डॉक्टरांनी केस पेपरवर दोनच ओळी लिहिल्या आहेत : डी-१० चा बोलस किलोला २ मिली, नंतर जीआयआर ६. डी-१० म्हणजे १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन; बोलस म्हणजे शिरेतून एका वेळी दिलेला डोस; जीआयआर म्हणजे ड्रिपमधून दर मिनिटाला किलोमागे मिळणारी साखर. या दोन ओळींपासून सलाइन ढकलणाऱ्या पंपावरच्या आकड्यापर्यंत चार-पाच पायऱ्या आहेत, आणि चूक होते ती या पायऱ्यांवरच. औषध चुकीचं नसतं, निदानही चुकीचं नसतं. दशांश चिन्ह सरकतं, टक्केवारी बदलते, वजन कालचं राहतं.

शाळेत बेरीज केल्यावर वजाबाकीने ताळा बघायला शिकवायचे. नवजात बाळाच्या सलाइनचंही तसंच आहे. ऑर्डरकडून पंपाकडे केलेला हिशेब अर्धाच. पंपावरचा आकडा, सिरिंजमधली टक्केवारी आणि वजन घेऊन उलट ऑर्डरपर्यंत पोचलात, की तो पुरा झाला. या लेखात जिथे जिथे गणित आहे, तिथे ताळाही आहे.

इथे दिलेल्या मर्यादा आपल्याकडच्या एसएनसीयूंमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांमध्ये) साधारणपणे वापरतात त्या आहेत. तुमच्या कक्षाचा लेखी प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळायचा, आणि ऑर्डर डॉक्टरांचीच.

आधी वजन, तेही ग्रॅममध्ये

मराठीत वजन तोंडी सांगताना एक घोटाळा हमखास होतो. "एक किलो शहाऐंशी" म्हणजे १.८६ किलो की १ किलो ८६ ग्रॅम, म्हणजे १.०८६? सांगणाऱ्याच्या मनात एक असतं, लिहिणारा दुसरं लिहितो. पहिल्या वजनाने बोलस ३.७ मिली येतो, दुसऱ्याने २.२. म्हणून फोनवर, ड्यूटी बदलताना, १०८ च्या गाडीतून उतरवून घेताना वजन ग्रॅममध्येच बोला : "अठराशे साठ ग्रॅम". समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं, आणि कागदावर १,८६० ग्रॅम लिहून शेजारी १.८६० किलो असं दोन्ही मांडायचं.

पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन उतरतं. ते परत जन्मवजनावर येईपर्यंत सलाइनचा आणि औषधांचा हिशेब जन्मवजनावरच धरतात. रोजच्या उतरत्या वजनावर द्रव मोजत गेलं, तर बाळ जितकं सुकेल तितकं आपण त्याला कमी देत जातो. जन्मवजन ओलांडलं की मग चालू वजन.

दशांश लिहिण्याची शिस्तही इथेच लावून घ्या. अर्धा मिली म्हणजे ०.५, नुसतं .५ नाही; आधीचं शून्य नसेल तर टिंब दिसत नाही आणि ५ वाचलं जातं. दोन मिली म्हणजे २. त्याला २.० लिहिलं की घाईत २० होतं.

टाचेची साखर : आकडा खरा आहे का?

मुदतपूर्व बाळ, कमी वजनाचं बाळ, दिवसांच्या मानाने खूप बारीक किंवा खूप मोठं बाळ, मधुमेही आईचं बाळ, जन्मताना गुदमरलेलं, थंड पडलेलं किंवा जंतुसंसर्ग झालेलं बाळ, या सगळ्यांची साखर लक्षणांची वाट न पाहता तपासायची. साधारण वेळापत्रक जन्मानंतर २, ६, १२, २४, ४८ आणि ७२ तासांनी. लक्षण दिसलं तर त्याच क्षणी. लक्षणं म्हणजे थरथर, सुस्ती, दूध न ओढणं, मधेच श्वास थांबणं, निळं पडणं, झटके. थरथर आहे की झटका, हे ओळखायला हलणारा हात अलगद धरून पाहा. थरथर धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही.

साखर ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की कृती करायची. ग्लुकोमीटर याच खालच्या पट्ट्यात सर्वात जास्त चुकतो, १० ते २० चा फरक सहज पडतो. म्हणून प्रयोगशाळेचा नमुना पाठवायचा, पण त्याच्या रिपोर्टसाठी उपचार अडवून ठेवायचा नाही. नमुना फ्लोराइडच्या बाटलीत आणि लगेच पाठवा. तासभर टेबलावर राहिला तर त्यातल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो.

टाच टोचताना :

टाच आधी गरम करा, कोमट ओल्या कापडाने पाच मिनिटं पुरतात. टोचायचं ते टाचेच्या बाजूला, मधोमध नाही. मधोमध हाड जवळ असतं. स्पिरिट पूर्ण सुकू द्या, कारण ओलं स्पिरिट थेंबात मिसळलं की आकडा बिघडतो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा आणि दुसरा घ्या. टाच दाबून दाबून रक्त काढू नका, त्यात पेशीबाहेरचं पाणी येतं.

आकडा खोटा जास्त येण्याची दोन कारणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एक, ज्या हातापायात डेक्स्ट्रोज चालू आहे त्याच बाजूने नमुना घेणं. दोन, आपलेच हात. डी-२५ ची बाटली फोडून मिश्रण केलेले हातमोजे तसेच घालून टाच धरली, तर मोज्यावरची चिकट साखर पट्टीवर जाते आणि २८ चं बाळ ७० दाखवतं. मोजे बदलूनच टोचा.

पट्ट्यांची काळजी नागपुरात दोन्ही टोकांना घ्यावी लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पट्ट्यांच्या डबीवर बहुधा ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. एसी नसलेल्या खोलीत कूलर लावतात, आणि कूलरची दमट हवा उघड्या डबीत शिरली की पट्ट्या आतल्या आत खराब होतात. दिसायला नव्यासारख्या, आकडा मात्र भलताच. डबी कूलरच्या झोतात ठेवू नका, पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी लावा, डबी उघडल्याची तारीख वर लिहा. ग्लुकोमीटर कोणत्या एककावर आहे तेही पाहा. स्क्रीनवर २.२ असा दशांशातला आकडा आला, तर तो मिलिमोलमध्ये आहे. १८ ने गुणा, म्हणजे ४०.

बोलस

बाळाला काहीच लक्षण नाही आणि साखर २० ते ४० च्या मध्ये आहे, तर आधी दूध. अंगावर पाजा, ओढत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा नळीने द्या आणि तासाभरात परत तपासा. साखर ४० च्या वर आली तर पुढे ४८ तास दर ६ तासांनी. मधाचं बोट किंवा घुटी हा साखर वाढवण्याचा उपाय नव्हे. जवळच्या आजीला हे समजावून सांगायलाच हवं, कारण ती प्रेमापोटीच देते आणि बाळाच्या आतड्याला ते धोक्याचं असतं.

लक्षण असेल, साखर २० च्या खाली असेल किंवा दूध देऊनही ४० च्या खालीच राहिली, तर शिरेतून.

बोलस = वजन × २ मिली, डी-१० चा. आपल्या बाळाला १.८६ × २ = ३.७२, म्हणजे ३.७ मिली. देण्याचा वेग साधारण मिनिटाला १ मिली, म्हणजे चारेक मिनिटं, घड्याळ पाहून.

ताळा : डी-१० च्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम साखर. ३.७ मिलीत ३७० मिलिग्रॅम. भागिले १.८६, म्हणजे किलोला १९९. हवी होती २००. जुळलं.

डी-२५ तसंच देऊ नका. ते घट्ट असतं, नाजूक शिरेला पोळवतं, आणि साखर एकदम चढली की इन्शुलिन उसळून थोड्या वेळाने साखर पहिल्यापेक्षा खाली येते. हाताशी डी-२५ च असेल तर २ मिली डी-२५ मध्ये ३ मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी मिसळा. डी-५० असेल तर १ मिलीत ४ मिली पाणी. दोन्हींतून ५ मिली डी-१० तयार होतं. हे पाणी नुसतं कधीच शिरेत द्यायचं नाही, त्याने रक्तपेशी फुटतात.

बोलस पंपाने दिला असेल तर वेग परत मूळ आकड्यावर आणायचा राहून जातो. म्हणून बोलस वेगळ्या सिरिंजने हातानेच द्यावा. नुसता बोलस देऊन थांबणं ही दुसरी मोठी चूक. ती साखर काही मिनिटांत वापरली जाते. बोलस संपण्याआधीच मागची ड्रिप तयार हवी.

जीआयआर : १४४ आणि ६ कुठून येतात

जीआयआर म्हणजे बाळाच्या प्रत्येक किलोला दर मिनिटाला किती मिलिग्रॅम ग्लुकोज मिळतं तो आकडा. सूत्र पाठ करणारे परीक्षेत पास होतात, पण रात्री तीन वाजता पाठांतर दगा देतं. सूत्र कसं तयार होतं ते एकदा हाताने मांडलं की विसरत नाही.

कोणत्याही डेक्स्ट्रोजची टक्केवारी गुणिले १० केली की १ मिलीत किती मिलिग्रॅम ते कळतं. डी-१० मध्ये १००, डी-५ मध्ये ५०. दिवसात १,४४० मिनिटं. किलोला दिवसाला जितके मिली जातात त्यांना टक्केवारी × १० ने गुणायचं आणि १,४४० ने भागायचं. दोन्हीकडचं एक शून्य उडालं की उरतं :

जीआयआर = टक्केवारी × (मिली प्रति किलो प्रति दिवस) ÷ १४४

पंपावर तासाचा वेग असतो. तासाची ६० मिनिटं, त्यातलं शून्य तसंच उडवलं की :

जीआयआर = टक्केवारी × (मिली प्रति तास) ÷ (६ × वजन)

पहिलं सूत्र ऑर्डर ठरवताना, दुसरं ताळा बघताना. आणि नुसतं डी-१० चालू असेल तर तिसरं, सगळ्यात सोपं : तासाचा वेग = जीआयआर × वजन × ०.६. रात्री हे एकच डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आता अडचण येते ती बघा. पहिल्या दिवशी १,५०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळाला द्रव किलोला ६० मिली ठरलेलं असतं (१,५०० च्या खाली ८०). ६० मिलीत जीआयआर ६ बसवायचा, तर टक्केवारी = ६ × १४४ ÷ ६० = १४.४. हातापायाच्या शिरेतून १२.५ टक्क्यांपेक्षा घट्ट डेक्स्ट्रोज देत नाहीत, कारण शीर सुजते आणि बाहेर झिरपलं तर कातडी जळते. म्हणजे "द्रव ६०, जीआयआर ६, हाताला इंट्राकॅथ" (म्हणजे हाताच्या शिरेत बसवलेली सुई) ही ऑर्डर कागदावर सरळ दिसते, पण ती पाळता येत नाही. नुसतं डी-१० ६० मिलीने लावून टाकलं तर जीआयआर येतो ४.२. केस पेपरवर ६ लिहिलेलं, बाळाला मिळतंय ४.२, आणि साखर का चढत नाही याचा विचार सगळे करत बसतात. ताळा केला असता तर पहिल्याच तासाला कळलं असतं.

उपाय दोन, निवड डॉक्टरांनी करायची. पण आकडे त्यांच्यासमोर सिस्टरने मांडायचे.

पहिला : द्रव वाढवून नुसतं डी-१०. १.८६ × ६ × ०.६ = तासाला ६.७ मिली. ताळा : १० × ६.७ ÷ (६ × १.८६) = ६७ ÷ ११.१६ = ६. दिवसाचं द्रव होतं किलोला साधारण ८६ मिली.

दुसरा : द्रव ८० पर्यंतच वाढवून किंचित घट्ट मिश्रण. टक्केवारी = ६ × १४४ ÷ ८० = १०.८. वेग = ८० × १.८६ ÷ २४ = तासाला ६.२ मिली.

आमचं मत विचाराल तर पहिल्या तासात पहिला उपाय. बाटलीतून थेट सिरिंजमध्ये, मिसळणं नाही, म्हणजे मिसळण्यातली चूक नाही. दोन उपायांतला किलोमागे ६ मिलीचा फरक बहुतेक बाळांना चालतो. हृदयाचा किंवा लघवीचा त्रास असेल तर मात्र विचारल्याशिवाय द्रव वाढवायचं नाही.

मिश्रण करताना

दोन बाटल्यांतून मधली टक्केवारी काढायचं एकच गणित आहे. हव्या टक्केवारीतून पातळ बाटलीची टक्केवारी वजा करा, त्याला घट्ट आणि पातळ यांच्यातल्या फरकाने भागा, एकूण मिलीने गुणा. उत्तर म्हणजे घट्ट बाटलीतून किती काढायचं.

डी-१० आणि डी-२५ मधून ५० मिली, १०.८ टक्के हवं : (१०.८ − १०) ÷ (२५ − १०) × ५० = २.७ मिली डी-२५. उरलेलं ४७.३ मिली डी-१०. ताळा ग्रॅममध्ये : २.७ मिलीत ०.६७५ ग्रॅम, ४७.३ मिलीत ४.७३ ग्रॅम, एकूण ५.४ ग्रॅम ५० मिलीत, म्हणजे १०.८ टक्के.

डी-५ आणि डी-२५ वापरत असाल तर १०० मिलीसाठी याचीच छोटी रीत आहे : हव्या टक्केवारीला ५ ने गुणा, २५ वजा करा. आलं ते डी-२५ चे मिली, बाकी डी-५. १० टक्क्यांसाठी ५० − २५ = २५ मिली. १०.८ साठी ५४ − २५ = २९ मिली. ही रीत फक्त डी-५ आणि डी-२५ च्या जोडीला आणि फक्त १०० मिलीला चालते. पातळ बाटली डी-१० असताना तीच लावली की मिश्रण भलतंच घट्ट होतं : १०.८ साठी २९ मिली डी-२५ आणि ७१ मिली डी-१० घेतलं तर तयार होतं १४.३५ टक्के.

आधी पातळ, मग घट्ट. भरल्यावर सिरिंज दहा-बारा वेळा उलटसुलट करा. डी-२५ जड असतं, तळाशी बसतं. न हलवलेल्या सिरिंजमधून बाळाला आधी एक टक्केवारी जाते, नंतर दुसरी. सिरिंजवर चिकटपट्टी : काय काय किती मिली, शेवटची टक्केवारी, वजन, वेग, वेळ, आणि दोघींच्या सह्या. दुसरी सिस्टर पहिलीचा कागद बघून मान डोलावत असेल तर ती तपासणी नव्हे. तिने स्वतः पंपाकडून ऑर्डरकडे उलटं गणित करायचं.

तिसऱ्या दिवशीची एक चूक इतकी सारखी होते की तिला वेगळी जागा द्यावी लागते. पहिले ४८ तास साधारणपणे नुसतं डेक्स्ट्रोज, पुढे सोडियम-पोटॅशियम लागतं, मग आयसोलाइट-पी हे क्षार घातलेलं सलाइन येतं. या बाटलीत डेक्स्ट्रोज ५ टक्केच असतं. डी-१० काढून त्याच वेगाने आयसोलाइट-पी लावलं की जीआयआर एका झटक्यात निम्मा. किलोला ९० मिली चालू असेल तर ६.२५ वरून ३.१ वर. पंप तोच, आकडा तोच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि चार तासांनी साखर ३२. आयसोलाइट-पी ला साखरेच्या हिशेबात डी-५ धरा आणि वरची छोटी रीत लावा : ७५ मिली आयसोलाइट-पी, २५ मिली डी-२५, झालं १० टक्के. यात क्षारही पाऊणपट होतात, हे डॉक्टरांना सांगा.

वाढवताना आणि उतरवताना

बोलसनंतर १५ ते ३० मिनिटांनी साखर. उपचार चालू असताना ती ५० च्या वर हवी. नसेल तर डॉक्टरांना कळवून जीआयआर २ ने वाढवायचा, परत अर्ध्या तासाने तपासायचं. सुईची मर्यादा इथे सतत आडवी येते. १२.५ टक्क्यांत जीआयआर ८ साठी किलोला ९२ मिली लागतं, १० साठी ११५, १२ साठी १३८. पहिल्याच दिवशी इतकं पाणी घालायचं नसेल तर नाभीच्या शिरेतली नळी लागते. ही गोष्ट ८ वर असतानाच बोलून ठेवा, १२ वर पोचल्यावर नाही. १२ देऊनही साखर राहत नसेल तर कारण वेगळं शोधावं लागतं आणि बाळ वरच्या केंद्रात न्यावं लागतं.

साखर अचानक पडली तर जीआयआर वाढवायच्या आधी कापड बाजूला करून सुईची जागा बघा. सूज आली आहे का, गार लागते का, फिकी पडली आहे का? शिरेबाहेर गेलेलं सलाइन पंपावर मात्र "चालू" दिसतं. पंपात सिरिंजचा प्रकार चुकीचा निवडला असेल तरीही प्रत्यक्षात जाणारं द्रव वेगळं असतं. त्यासाठी दर तासाला सिरिंजवरची खूण वाचून लिहा. ६.७ मिली वेग असेल तर तीन तासांत २० मिली सरकायला हवी. तोही ताळाच.

सलग २४ तास साखर ५० च्या वर राहिली की उतरवायला सुरुवात : दर ६ तासांनी २ ने, प्रत्येक वेळी साखर पाहून. ४ वर आलं, दूध नीट जिरतंय, साखर टिकून आहे, मग बंद. एकदम कधीच नाही.

खरी फसगत दूध वाढवताना होते. चौथ्या दिवशी आपल्या बाळाचं एकूण द्रव किलोला १०५ मिली, सगळं शिरेतून, १०.८ टक्के : जीआयआर ७.९. आज दर दोन तासांनी ६ मिली दूध सुरू केलं. दिवसाला ७२ मिली, म्हणजे किलोला ३९. ते एकूणातून वजा केलं की शिरेतून उरलं ६६, आणि जीआयआर झाला ५. आपण दूध वाढवलं असं वाटतं, पण साखरेच्या बाजूने ३ ची पायरी एका दमात उतरलो. दुधात साखर असते, पण पोटातून रक्तात पोचायला वेळ लागतो आणि बाळाने उलटी केली तर तीही गेली. म्हणून दूध वाढवण्याच्या प्रत्येक ऑर्डरसोबत नवा जीआयआर काढून शेजारी लिहा. उतार २ पेक्षा मोठा असेल तर उरलेल्या द्रवाची टक्केवारी वाढवायची की दूध सावकाश वाढवायचं, हे विचारून घ्या.

बाळ गडचिरोलीहून किंवा गोंदियाहून नागपूरला पाठवायचं असेल तर रस्त्यात तीन-चार तास ड्रिप चालू राहिली पाहिजे. पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट. त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिली, म्हणून तासाचे मिली म्हणजेच मिनिटाचे थेंब. ६.७ साठी ७ थेंब. निघण्याआधी साखर तपासा, बाळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवा; डिसेंबरच्या पहाटे थंड पडलेलं बाळ ऊब राखण्यात साखर संपवतं. चिठ्ठीवर शेवटची साखर, बोलस किती आणि कधी दिला, ड्रिप किती टक्क्यांची आणि किती वेगाने, हे पाचही आकडे हवेत.

वजन : काट्यापासून सुरुवात

वजनवाढीचं सूत्र सोपं आहे, वजन करणं अवघड. १,४०० ग्रॅमच्या बाळाकडून दिवसाला किलोमागे १५ ग्रॅम वाढीची अपेक्षा असते, म्हणजे २१ ग्रॅम. लघवीने भिजलेलं लंगोट सहज तेवढ्या वजनाचं असतं. सलाइनच्या हाताला बांधलेली फळी आणि चिकटपट्टीही तेवढीच भरते. काट्याची बारीक खूण ५ किंवा १० ग्रॅमची. जे मोजायचं आहे, तेवढ्याच आकाराच्या चुका आजूबाजूला पडलेल्या आहेत.

म्हणून : तोच काटा, तीच वेळ, दूध देण्याआधी, बाळ उघडं. काटा सपाट जागी, पंख्याच्या आणि कूलरच्या वाऱ्याबाहेर. वाऱ्याने आकडा हलतो आणि उघडं बाळ गारठतं. धुतलेलं, ऊबदार दुपटं काट्यावर ठेवून शून्य करा, मग बाळ ठेवा. फळी काढता येत नसेल तर तशीच एक फळी पट्टीसकट वेगळी तोलून ते ग्रॅम वजा करा आणि केस पेपरवर "फळी वजा" लिहा, नाहीतर फळी निघाल्याच्या दिवशी बाळ "घटलेलं" दिसेल. दोनदा तोला, १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. आठवड्यातून एकदा माहीत असलेल्या वजनाने काटा तपासा.

पहिल्या आठवड्यातली घट टक्क्यांत मोजतात : (जन्मवजन − आजचं वजन) ÷ जन्मवजन × १००. २,८४० ग्रॅमचं बाळ तिसऱ्या दिवशी २,६१० : २३० ÷ २,८४० × १०० = ८.१ टक्के. पूर्ण दिवसांच्या बाळात ७ टक्क्यांच्या पुढे गेलं की आईजवळ बसून एक पूर्ण पाजणं बघा, पकड कशी आहे, गिळण्याचा आवाज येतो का, चोवीस तासांत लघवी किती वेळा झाली. १० टक्क्यांना डॉक्टर आणि सोडियमची तपासणी. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत, कमी दूध येणाऱ्या पहिलटकरणीचं बाळ फार लवकर या रेषेपाशी येतं. मुदतपूर्व बाळं १० ते १५ टक्क्यांपर्यंत उतरतात आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनावर परततात.

उलटंही बघायचं. सलाइनवरच्या बाळाचं वजन दुसऱ्या दिवशी ६० ग्रॅमने वाढलं तर ते अंग धरलेलं नाही, पाणी साचलेलं आहे. साखरेसाठी द्रव वाढवलेल्या बाळात हे खास बघा.

जन्मवजन परत आलं की वाढ मोजायला सुरुवात. जन्मापासून मोजली तर पहिली घट वाढीला खाऊन टाकते. आणि वाढ आठवड्याची काढा. रोजचा आकडा शी, लघवी आणि दुधाने २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होतो. त्यावर आज खूश, उद्या काळजी, असं आईला हेलकावे देण्यात अर्थ नाही.

समजा सात दिवसांत १,३२० चं १,४८० झालं. वाढ १६० ग्रॅम, दिवसाला २२.९. सरासरी वजन १,४००, म्हणजे १.४ किलो. २२.९ ÷ १.४ = किलोला दिवसाला १६.३ ग्रॅम. भागायला पहिलं वजन घेतलं तर १७.३ येतं, शेवटचं घेतलं तर १५.४. तीन सिस्टरांनी तीन पद्धती वापरल्या तर एकाच बाळाचे तीन अहवाल तयार होतात, म्हणून कक्षात सरासरी वजनाचीच पद्धत ठरवून टाका. मुदतपूर्व बाळात १५ ते २० चांगलं. पूर्ण दिवसांच्या बाळात किलोमागे न मोजता दिवसाला २० ते ३० ग्रॅम बघतात.

वाढ १५ च्या खाली आली तर तपासण्या लिहिण्याआधी दुधाचा हिशेब काढा. वरचं बाळ १,३२० चं असताना किलोला १८० मिलीने दूध ठरलं : १.३२ × १८० ÷ १२ = दर दोन तासांनी १९.८ मिली. आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६७ किलोकॅलरी, म्हणजे किलोला १२० मिळत होत्या. आठवड्याने बाळ १,४८० झालं, पण फीडच्या कागदावर १९.८ च राहिलं. आता ते किलोला १६० मिली आहे आणि कॅलरी १०७. बाळ वाढलं म्हणूनच उपाशी राहिलं. १.४८ × १८० ÷ १२ = २२.२ असं दर दोन-तीन दिवसांनी नव्या वजनावर परत मांडायचं.

दूध पुरेसं असूनही वाढ नसेल तर दूध कसं जातं ते बघा. काढलेलं दूध उभं राहिलं की साय वर येते आणि सिरिंजच्या, नळीच्या भिंतीला चिकटते. वाटी हलवून मगच भरा. आईने सुरुवातीचंच पातळ दूध काढून दिलं आणि शेवटचं दाट दूध छातीतच राहिलं, असंही होतं. त्यानंतर ऊब : तळपाय गार लागत असतील तर कॅलरी अंग तापवण्यात जाताहेत, कांगारू पद्धतीचे (बाळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याचे) तास वाढवा. मग संसर्ग, रक्तक्षय.

घरी गेल्यावर आशाताई जन्मापासूनच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांच्या झोळीच्या काट्यावरचं वजन दवाखान्याच्या काट्यावरच्या वजनाशी ताडून बघू नका. दहा-वीस ग्रॅम त्यावर दिसतच नाहीत. सुट्टीच्या कार्डावर सुट्टीच्या दिवशीचं वजन ग्रॅममध्ये लिहा, आणि त्याखाली आशाताईंच्या काट्यावरचं पहिलं वजन वेगळ्या ओळीत लिहायला जागा ठेवा. पुढची वाढ त्या ओळीपासून मोजायची.